औषधचिठ्ठीतील लॅटिन आणि बीड जिल्हा : भाषांतराच्या एका विसरलेल्या आज्ञेचा इतिहास

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील परळी येथे वैद्यनाथाचे प्राचीन देवस्थान आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना येथील शिवलिंगाने आश्रय दिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. परळीपासून जवळच असलेल्या अंबाजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी असल्याचे परंपरा मानते. संस्कृतातील तत्त्वविचार मराठीत आणणाऱ्या आद्य ग्रंथकारांत त्यांची गणना होते. त्याच अंबाजोगाईस आज स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतून येथे येणारा रुग्ण परत जाताना हातात एक कागद घेऊन जातो. त्या कागदावरील औषधाचे नाव इंग्रजी असते, रुग्णाचे नाव मराठी असते, आणि औषध केव्हा व किती वेळा घ्यावयाचे ही त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सूचना लॅटिन भाषेच्या संक्षेपांत असते.

बी.डी., टी.डी.एस., एच.एस., एस.ओ.एस. ही अक्षरे इंग्रजी असल्याचा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः ती लॅटिन शब्दसमूहांची आद्याक्षरे होत. ही भाषा औषधचिठ्ठीत का आली, बीडसारख्या निजामी राजवटीतील जिल्ह्यात तिच्याआधी व तिच्यासोबत कोणत्या भाषा होत्या, आणि ती टिकून राहिली असता तिच्यातील कोणता भाग लोप पावला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. औषधचिठ्ठीतील लॅटिन रुग्णास समजत नाही ही तक्रार जुनी आहे. तथापि मूळ लॅटिन चिठ्ठीच्या रचनेतच रुग्णाच्या भाषेत भाषांतर करण्याची आज्ञा अंतर्भूत होती. आपण लॅटिन टिकविले आणि ती आज्ञा मात्र विसरलो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

औषधचिठ्ठीची चार अंगे

पारंपरिक पाश्चात्त्य औषधचिठ्ठीचे चार भाग मानले जातात. पहिला भाग शिरोलेखाचा. चिठ्ठीच्या आरंभी जे आरएक्स असे चिन्ह दिसते ते 'रेसिपे' या लॅटिन क्रियापदाचा संक्षेप होय. गुरू ग्रहाच्या चिन्हाशी त्याचा संबंध जोडणारे एक मत प्रचलित आहे. परंतु 'रेसिपे'चा संक्षेप हेच स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. 'रेसिपे' हे आज्ञार्थी एकवचनी रूप असून त्याचा अर्थ 'घे' असा आहे. दुसऱ्या भागात द्रव्यांची नावे व प्रमाणे येतात. तिसऱ्या भागात ती द्रव्ये कशी सिद्ध करावीत याची सूचना असते. उदाहरणार्थ 'फियात मिस्तुरा', म्हणजे 'मिश्रण तयार व्हावे', किंवा 'क्वान्तुम सुफिसित', म्हणजे 'पुरेल इतके'. चौथ्या भागाचा आरंभ 'सिग्ना' किंवा 'सिग्नेतुर' या शब्दाने होतो. 'सिग्ना' म्हणजे 'खूण कर, लिही'. 'सिग्नेतुर' म्हणजे 'लिहिले जावे'.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. 'घे' ही आज्ञा रुग्णास उद्देशून नाही. रुग्णाने औषध घ्यावे असा तिचा अर्थ नसून औषध सिद्ध करणाऱ्याने अमुक द्रव्ये हाती घ्यावीत असा आहे. त्याचप्रमाणे 'लिही' ही आज्ञाही औषध देणाऱ्यालाच आहे. औषधाच्या बाटलीवर अथवा पुडीवर रुग्णासाठी सूचना लिहावी, असे वैद्य त्यास सांगतो. ही सूचना रुग्णास समजेल अशा भाषेत लिहावयाची, हा त्या व्यवसायाचा संकेत होता. म्हणजे लॅटिन ही वैद्य आणि औषधकार या दोन जाणत्यांमधील भाषा होती. रुग्णाशी बोलण्यासाठी ती कधीच योजलेली नव्हती, आणि चौथ्या अंगाने ती स्वतःहून आपली जागा लोकभाषेला देत होती.

लॅटिन का आणि कोठवर

युरोपात निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या विद्वानांचा समान व्यवहार लॅटिनमधून चाले. १६१८ साली लंडनच्या वैद्यमंडळाने प्रसिद्ध केलेला औषधिसंग्रह लॅटिनमध्येच होता. १८६४ साली पहिला ब्रिटिश औषधिसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचा मजकूर इंग्रजीत होता, परंतु औषधांची अधिकृत नावे दीर्घकाळ लॅटिनच राहिली. १८६८ साली हिंदुस्थानासाठी एडवर्ड वेअरिंग यांच्या संपादनाखाली स्वतंत्र औषधिसंग्रह निघाला आणि येथील अनेक देशी वनस्पती त्यात लॅटिन नावांनिशी दाखल झाल्या.

पुढील घटनाक्रम उद्बोधक आहे. ब्रिटिश औषधिसंग्रहाने १९५३ च्या आवृत्तीत लॅटिन शीर्षके सोडून इंग्रजी शीर्षके स्वीकारली. स्वतंत्र भारताचा पहिला औषधिसंग्रह त्यानंतर दोन वर्षांनी, १९५५ साली निघाला आणि त्याने मात्र लॅटिन शीर्षकेच धारण केली. ती १९६६ च्या आवृत्तीत बदलली. उगमस्थानी सोडून दिलेली प्रथा येथे काही काळ अधिक टिकली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी १९९१ साली केलेल्या शिक्षण विनियमांत औषधचिठ्ठीतील नेहमीच्या लॅटिन संज्ञा अभ्यासक्रमात ठेवल्या गेल्या. मात्र त्यांचा सखोल अभ्यास आवश्यक नाही, असेही तेथे नमूद केले गेले. संज्ञा पाठ करावयाच्या, पण त्यांची भाषा शिकावयाची नाही, अशी ही तडजोड होती.

बीड : तीन वैद्यक, तीन शास्त्रभाषा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे त्याचा वैद्यकीय भाषेतिहास मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांहून वेगळा आहे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८६१ साली मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले आणि इलाख्यात काही काळ का होईना, पाश्चात्त्य वैद्यक मराठीतून शिकविले गेले. मराठवाड्याच्या वाट्यास हा अनुभव आला नाही.

हैदराबाद येथे १८४६ साली निघालेल्या वैद्यकशाळेत आरंभी शिक्षण उर्दूतून दिले जाई. १८८० च्या दशकात संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. परंतु त्याच दशकात वैद्यकशाळेत उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. पुढे १९१७ साली भाषांतर विभाग आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि वैद्यकासह आधुनिक शास्त्रे पुन्हा उर्दूतून शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९४८ नंतर तोही संपला. या शतकभराच्या फेरबदलांत बीडच्या बहुसंख्य रुग्णांची भाषा असलेली मराठी कोणत्याच टप्प्यावर वैद्यकशिक्षणाची भाषा नव्हती.

जिल्ह्यात प्रत्यक्ष उपचाराच्या तीन परंपरा एकत्र नांदत होत्या. वैद्यांची शास्त्रभाषा संस्कृत होती. हकिमांची शास्त्रभाषा अरबी-फारसी आणि व्यवहारभाषा उर्दू होती. युनानी वैद्यकास संस्थानात राजाश्रयही होता. पाश्चात्त्य वैद्यक लष्करी छावण्या व सरकारी दवाखाने यांच्या मार्गाने आले. अंबाजोगाई, म्हणजे निजामकाळातील मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. या तिन्ही परंपरांत चिठ्ठीच्या शिरोभागी सर्वसामान्यांच्या बोलीबाहेरचा शब्द असे. वैद्य 'श्री' लिही. हकीम 'हुवश्शाफी' म्हणजे 'बरे करणारा तोच' असे लिही. डॉक्टर 'रेसिपे'चे चिन्ह काढी. पहिले दोन शब्द ईश्वराचे स्मरण करतात, तर तिसरा औषधकारास आज्ञा देतो, हा फरक मात्र दुर्लक्षिण्यासारखा नाही.

या सहवासाची खूण मराठीच्या शब्दसंग्रहात राहिली आहे. दवाखाना, हकीम, इलाज, मलम, अर्क, जुलाब हे शब्द फारसी-अरबी मार्गाने आले. डोस, मिक्श्चर, कंपौंडर हे इंग्रजी मार्गाने आले. काढा, चूर्ण, गुटी, लेप हे संस्कृत परंपरेतले. लॅटिनचा मात्र एकही शब्द बोलीत रुजला नाही. ती केवळ कागदावरच राहिली, कारण तिचे काम कागदावरच होते.

संक्षेपांचे अर्थ आणि संस्कृताशी नाते

नेहमीच्या संक्षेपांचा अर्थ पाहिला असता ही भाषा वाटते तितकी परकी नाही असे दिसून येते. बी.डी. म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. टी.डी.एस. म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यावयाचे. लॅटिन 'बिस' व 'तेर' ही संस्कृत 'द्विः' व 'त्रिः' यांची सगोत्र रूपे होत. 'दिएस' आणि 'दिवस' यांचे मूळ एकच. 'सुमेन्दुम' हे रूप संस्कृतातील तव्य-अनीय प्रत्ययान्त रूपांप्रमाणे कर्तव्यवाचक असून 'सेवनीय' या शब्दाने त्याचा अर्थ नेमका व्यक्त होतो. एच.एस. म्हणजे 'होरा सोम्नी', निजावयाच्या वेळी. यातील 'होरा' हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला तसाच ज्योतिषाच्या द्वारे संस्कृतातही आला. 'सोम्नुस' हा तर 'स्वप्न' या शब्दाचा सगोत्र आहे.

एस.ओ.एस. म्हणजे 'सि ओपुस सित', गरज पडल्यास. जहाजांच्या संकटसूचक संदेशाशी त्याचा संबंध नाही. तो संदेश १९०६ च्या बर्लिन परिषदेत आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाला, आणि मुळात तो कोणत्याही शब्दांचा संक्षेप नव्हता. तथापि दोहोंची गल्लत झाल्याने 'गरज पडल्यास' घ्यावयाचे साधे औषध 'अत्यंत संकटात' घ्यावयाचे मानले जाण्याचा संभव असतो. ए.सी. म्हणजे 'आन्ते सिबुम', अन्नापूर्वी, पी.सी. म्हणजे 'पोस्ट सिबुम', अन्नानंतर.

अन्न आणि औषध यांच्या संबंधाचा विचार आयुर्वेदाने अधिक सूक्ष्मपणे केला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. रिकाम्या पोटी घ्यावयाचे ते अभक्त, जेवणापूर्वीचे प्राग्भक्त, जेवणानंतरचे अधोभक्त, जेवणाच्या मध्ये घ्यावयाचे मध्येभक्त, दोन जेवणांच्या दरम्यानचे अंतराभक्त, अन्नात मिसळून घ्यावयाचे सभक्त, लघु आहाराच्या आधी व नंतर असे दोन्ही वेळा घ्यावयाचे सामुद्ग, वारंवार घ्यावयाचे मुहुर्मुहुः, घासाबरोबरचे ग्रास आणि दोन घासांमधील ग्रासांतर. 'आन्ते सिबुम' व 'पोस्ट सिबुम' यांना येथे प्राग्भक्त व अधोभक्त असे नेमके प्रतिशब्द मिळतात. परंतु ते वापरल्याने रुग्णाचा प्रश्न सुटत नाही. शेतमजुराला 'प्राग्भक्त' हा शब्द 'आन्ते सिबुम' इतकाच अपरिचित आहे. वैद्यदेखील रुग्णाशी बोलताना 'अनशापोटी घ्या', 'दोन घास खाऊन घ्या' असेच म्हणे. शास्त्रभाषेतून बोलीत उतरण्याची गरज आयुर्वेदासही होती, आणि युनानीसही.

कंपौंडर : भाषांतर करणारा दुवा

पाश्चात्त्य दवाखान्यात हे उतरविण्याचे काम कंपौंडरकडे होते. डॉक्टरने लिहिलेल्या चिठ्ठीप्रमाणे तो मिश्रण सिद्ध करी, मलम घोटी, पुड्या बांधी. प्रमाणे ग्रेन, ड्रॅम व औंस यांत असत. भोवतालचा व्यवहार गुंज, मासा व तोळा यांत चाले. म्हणजे कंपौंडरला शब्दांप्रमाणे मापांचेही भाषांतर करावे लागे. त्याचे सर्वांत मोलाचे काम मात्र शेवटचे होते. मिश्रणाच्या बाटलीवर तो कडेने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. दोन खाचांमधील अंतर म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या रुग्णासही ही पट्टी वाचता येई. त्यासोबत 'सकाळी एक, दुपारी एक, निजताना एक, बाटली हलवून घ्या' असे तो तोंडी सांगे. 'सिग्ना' या आज्ञेचे पालन ते हेच होय. 'तेर दिए सुमेन्दुम' या तीन शब्दांचे त्याने कागदाच्या खाचांत व बोलीत रूपांतर केलेले असे.

कंपौंडरची व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. त्याचे शिक्षण अनेकदा अपुरे असे आणि चुकांचा धोका मोठा होता. औषध सिद्ध करून देण्याचे काम नोंदणीकृत व्यक्तींपुरते मर्यादित करणारा १९४८ चा औषधनिर्माणव्यवसाय अधिनियम याच कारणाने आवश्यक ठरला. त्याच सुमारास कारखान्यांत तयार झालेल्या गोळ्या व कॅप्सूल यांचा प्रसार वाढला आणि दवाखान्यात मिश्रण सिद्ध करण्याची गरज कमी होत गेली. चिठ्ठीची दुसरी व तिसरी अंगे आक्रसून औषधाचे एक व्यापारी नाव तेवढे उरले. पहिले अंग चिन्हरूपाने राहिले. चौथ्या अंगातील संक्षेप राहिले. परंतु त्यांच्या आधीचा 'सिग्ना' हा शब्द आणि त्यामागील कर्तव्याची जाणीव दोन्ही मागे पडली. गोळ्यांच्या पट्टीवर सूचनेची चिठ्ठी चिकटविण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली नाही. जी अक्षरे औषधकारासाठी होती ती आता थेट रुग्णाच्या हाती पडू लागली.

ऊसतोडणीचे स्थलांतर आणि चिठ्ठीचा प्रवास

बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला एक विशेष परिमाण आहे. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार कोयत्याच्या जोड्यांनी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधुमेह, रक्तदाब, क्षय, अपस्मार अशा दीर्घकालीन आजारांचा रुग्ण या काळात गावच्या डॉक्टरपासून सहा महिने दूर असतो. सोबत असते ती चिठ्ठी. केज अथवा वडवणी येथे लिहिलेली चिठ्ठी बेळगाव जिल्ह्यातील दुकानात दाखविली जाते तेव्हा कन्नडभाषक दुकानदार बी.डी. व एच.एस. विनासायास वाचतो. निरनिराळ्या भाषांच्या प्रदेशांत एकच चिठ्ठी वाचली जाणे हा लॅटिन संक्षेपांचा खरा लाभ होय. युरोपात ज्या कारणासाठी ही भाषा स्वीकारली गेली, ते कारण ऊसतोडीच्या तांड्याबाबत आजही खरे ठरते. म्हणून 'परकीय भाषा काढून टाका' एवढेच म्हणणे पुरेसे नाही.

परंतु याच प्रवासात दुसरी बाजू अधिक ठळक होते. दुकानदारास चिठ्ठी वाचता येते. पण त्याने कन्नडमधून सांगितलेले कामगारास समजतेच असे नाही, आणि स्वतः कामगारास कागद वाचता येत नाही. पहाटे फडात उतरणाऱ्या माणसाच्या जेवणाच्या वेळा दवाखान्यात गृहीत धरलेल्या वेळांहून निराळ्या असतात. 'दिवसातून तीनदा' याचा अर्थ आठ-आठ तासांनी की तीन जेवणांसोबत, हे टी.डी.एस. या अक्षरांतून कळत नाही. झोपेची गोळी व रक्तदाबाची गोळी यांची अदलाबदल झाली तर तिचा परिणाम त्याच्या शरीरावर होतो. कागद मात्र दोन्ही वेळा अचूकच असतो.

संक्षेपांचे धोके केवळ अशिक्षितांपुरते नाहीत. ओ.डी. म्हणजे आपल्याकडे 'ओम्नि दिए', दररोज एकदा. परंतु नेत्रवैद्यकात हीच अक्षरे 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा, या अर्थी वापरली जातात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी लागू केली. दररोज या अर्थाचा क्यू.डी. हा लॅटिन संक्षेप त्या यादीत आहे. तो दिवसातून चारदा या अर्थाच्या क्यू.आय.डी. सारखा वाचला जातो, हे त्यामागील एक कारण होते.

सुधारणेचे प्रयत्न : शिरोभाग की शेवटची ओळ

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ प्रमाणे चिठ्ठीवर सही, दिनांक, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असणे आवश्यक आहे. सूचना कोणत्या भाषेत असावी याविषयी त्यात बंधन नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत २०१६ साली दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे वाचता येतील अशी व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे ठरले. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुवाच्य औषधचिठ्ठी हा आरोग्याच्या हक्काचा भाग मानला. हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा भर अक्षर वाचता येण्यावर आहे. सुवाच्य लिहिलेले टी.डी.एस. रुग्णाला अर्थाच्या दृष्टीने दुर्बोधच राहते.

मध्य प्रदेशात २०२२ साली हिंदीतून वैद्यकशिक्षणास आरंभ झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आरएक्सच्या जागी 'श्री हरि' लिहून खाली औषधाचे नाव हिंदीत लिहिण्याची सूचना केली होती. तिची बरीच चर्चा झाली. इतिहासाच्या दृष्टीने पाहता चिठ्ठीचा शिरोभाग बदलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. 'श्री', 'हुवश्शाफी' आणि 'रेसिपे' हे तिन्ही बीडमध्ये नांदून गेले आहेत. शिरोभागी काय लिहिले यावरून रुग्णाच्या आकलनात फरक पडत नाही. तो फरक शेवटच्या ओळीने पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, औषधचिठ्ठीतील लॅटिन ही वैद्य व औषधकार यांच्यातील परिभाषा होती आणि रुग्णासाठी लोकभाषेत लिहिण्याचे कर्तव्य तिनेच औषधकारावर सोपविले होते. दुसरा असा की, बीड जिल्ह्यात संस्कृत, फारसी-उर्दू व लॅटिन या तीन शास्त्रभाषा होऊन गेल्या, आणि प्रत्येक परंपरेत शास्त्रभाषा व रुग्ण यांच्यामध्ये बोलणारा मनुष्य आवश्यक होता. तिसरा असा की, कंपौंडरची जागा तयार गोळ्यांनी घेतली तेव्हा औषधाची शुद्धता वाढली. परंतु भाषांतराचे काम कोणाकडेच राहिले नाही.

१-०-१ अशी अंकांची पद्धत हल्ली अनेक डॉक्टर वापरतात. ती खाचांच्या पट्टीची आधुनिक आवृत्ती म्हणता येईल, कारण तीही अक्षरांवाचून समजू शकते. मात्र जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि गरज पडल्यासच की नियमित, हे अंकांतून सांगता येत नाही. त्यासाठी शब्द हवेत, आणि ते मराठी हवेत. दुकानदारासाठी समान संक्षेप राहण्यास हरकत नाही. ऊसतोड कामगाराच्या दृष्टीने तर ते उपयुक्तच आहेत. त्यांच्या खाली रुग्णासाठी एक मराठी ओळ लिहिली जावी, एवढीच अपेक्षा आहे. जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'तेर दिए सुमेन्दुम' शिकविताना त्याच तासाला 'सिग्ना' या शब्दाचा अर्थही शिकविला जावा. 'लिही' ही आज्ञा चिठ्ठीतून गळून पडली असली तरी ज्याला उद्देशून ती होती तो औषधकार आजही दुकानाच्या गल्ल्यामागे उभा आहे, आणि कागद हातात धरून रुग्ण त्याच्यासमोर उभा आहे.